विमान बैठक, दहा रुपये

हदगाव हे काही प्रवासवर्णनात येणारे गाव नव्हे. नांदेडहून नागपूरकडे निघालेला रस्ता अर्धापूरच्या केळीबागा आणि वारंगा फाटा मागे टाकून हदगावात येतो आणि पुढे पैनगंगा ओलांडून उमरखेडला, म्हणजे विदर्भात, जातो. वाटेत दोन्ही बाजूंना कापूस, सोयाबीन, हळद. तालुक्याचे गाव, आठवड्याचा बाजार, अडत दुकाने. आमच्या घराण्याची पेढी याच बाजारात चार पिढ्या आहे. गावावरून विमाने जातात, पण इतक्या उंचावरून की ती पाहण्यासाठी कोणी मान वर करीत नाही. त्यामुळे विमानाविषयी लिहिण्याची वेळ हदगावच्या एका कापूस व्यापाऱ्यावर यावी, हे माझे मलाच नवल वाटते. ही वेळ आणली ती आजोबांच्या एका रोजमेळाने.

दिवाळीच्या आधी माळ्यावरच्या जुन्या वह्या खाली उतरवून, झटकून, पुन्हा लाल फडक्यात बांधून ठेवण्याची आमच्याकडे रीत आहे. वहीपूजन नव्या वहीचे होते. पण जुनीलाही त्या दिवशी हात लागला पाहिजे, असे आजोबा म्हणत. दोन वर्षांपूर्वी या कामी मी बसलो होतो आणि शेजारी आरामखुर्चीत माझे वडील होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांचे वय आता शहाऐंशी. आजोबांच्या वह्या मोडीत आहेत. मला मोडी वाचता येत नाही, अण्णांना येते. म्हणून मी वही उघडून पुढे धरायची आणि त्यांनी चष्मा सारखा करून दोन-चार ओळी मोठ्याने वाचायच्या, असा आमचा खेळ चालला होता. अमुक शेतकऱ्याची उचल, तमुक गाडीचे भाडे, सरकीचा भाव.

वीर निर्वाण संवत २४५६ च्या, म्हणजे इसवी सन १९२९-३० च्या रोजमेळात माघ महिन्यातील मुंबईचे पान आले. आजोबा कापसाच्या व्यवहारासाठी मुंबईला गेले होते. अण्णा वाचू लागले : “कॉटन ग्रीन, दलाल चहापान, सहा आणे. सांताक्रूझ रेल्वे व टांगा, एक रुपया दोन आणे. विमान बैठक…” येथे ते थांबले. मग पुन्हा पहिल्यापासून तीच ओळ वाचली : “विमान बैठक, दहा रुपये कलदार.” ही नोंद नावे बाजूची होती. समोरच्या जमा बाजूला, त्याच तारखेला, त्याच शाईत दुसरी नोंद होती : “विमान बैठक परत, दहा रुपये कलदार.”

म्हणजे आजोबा जुहूला गेले. विमानात बसण्याचे पैसे भरले. आणि न बसता पैसे परत घेऊन आले.

अण्णांनी वही मिटली नाही. बराच वेळ ते त्या पानाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे त्यांनाही वाटलं होतं.”

या एका वाक्याचा भार समजण्यासाठी घरातील एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. १९५७ साली अण्णा शिक्षणासाठी हैदराबादला होते. बेगमपेठच्या विमानतळावर तेव्हा टायगर मॉथ नावाची दुपंखी विमाने शिकाऊ वैमानिकांना घेऊन उडत. अण्णा सुट्टीच्या दिवशी कुंपणापाशी जाऊन उभे राहत. शेवटी धीर करून त्यांनी घरी पत्र लिहिले : विमान चालविण्याचे शिक्षण घ्यायचे आहे, शुल्कासाठी इतके रुपये लागतील. उत्तरादाखल आजोबांचे पोस्टकार्ड आले. त्यात एकच ओळ होती : “दुकानाला माणूस पाहिजे, विमानाला नको.” अण्णा परीक्षा देऊन परतले, गादीवर बसले आणि पुढे सत्तर वर्षांत त्यांनी या विषयावर चकार शब्द काढला नाही. आम्हां मुलांना ही हकीकत आईकडून कळली. मी मात्र ती चारचौघांत आजोबांच्या व्यवहारदक्षतेचा दाखला म्हणून सांगत असे. त्या दिवाळीपासून तो दाखला माझ्या तोंडून निघाला नाही.

आजोबांनी पैसे का परत घेतले? वहीत कारण लिहिलेले नाही. वहीत रक्कम लिहितात, कारण लिहीत नाहीत. तेव्हा निदान ज्या विमानात ते बसणार होते ते कसले होते, एवढे तरी पाहावे, म्हणून मी शोध सुरू केला. त्याचीच ही हकीकत.

दोन पंखांचे गणित

आज विमान म्हटले की डोळ्यांपुढे धातूची लांब नळी आणि दोन बाजूंना दोन पंख येतात. त्या काळचे विमान तसे नव्हते. एकावर एक अशी पंखांची दोन मजली रचना, मध्ये लाकडी खांब आणि तिरप्या ताणलेल्या तारा. दोन पंख कशासाठी? इंजिने अशक्त होती, आणि जड न होता मजबूत राहील असा लांब एकेरी पंख बांधणे कठीण होते. दोन पंख खांबांनी आणि तारांनी जोडले, की पुलाच्या सांगाड्यासारखी पक्की आणि हलकी जुडी होते. शिवाय कमी लांबीत पंखांचे क्षेत्रफळ दुप्पट मिळते, म्हणून विमान अगदी मंद गतीतही तरंगते आणि लहानशा माळावर उतरते. धावपट्टी लागत नाही. कापणी झालेले सपाट शेत पुरते. तोटा एवढाच, की खांब आणि तारा वाऱ्याला अडवतात, त्यामुळे वेग वाढत नाही. इंजिने बळकट झाली, धातूचे पंख आले आणि १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात दुपंखी विमानांचा जमाना मावळू लागला.

आपल्या वाचकांपैकी जे कापसाच्या धंद्यात आहेत, त्यांना आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या विमानांचे पंख कापडाचे असत. लाकडी सांगाड्यावर लिनन ताणून बसवीत. पहिल्या महायुद्धात लिननचा तुटवडा पडला, तेव्हा अमेरिकेत लांब धाग्याच्या कापसापासून विणलेले घट्ट कापड वापरात आले आणि पुढे अनेक वर्षे टिकले. या कापडावर डोप नावाचे लुकण चढवीत. ते वाळताना आकसते आणि कापड पखवाजाच्या पुडीसारखे ताठ होते. हे लुकण सेल्युलोजपासून बनते आणि त्या सेल्युलोजसाठी सरकीला चिकटून राहणारे आखूड तंतू उपयोगी पडत. जिनिंगमध्ये ज्याला आपण फारशी किंमत देत नाही, त्या तंतूंनी माणसाला आकाशात नेले, हे वाचून मला मौज वाटली. आजोबा जुहूला विमानाजवळ गेले असतील, तर त्यांनी आधी पंखाच्या कापडावरून बोट फिरवून पाहिले असणार. त्याविषयी माझ्या मनात शंका नाही.

हौसेच्या फेऱ्या

विमानाचा जन्म झाला आणि लगोलग त्यात बसण्याची हौसही जन्मली. आपल्या देशात १९१० च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या टॉलिगंज मैदानावर बेल्जियमच्या बॅरन द कातेर्स याने दुपंखी विमानाचे खेळ केले. त्या वेळी श्रीमती एन. सी. सेन या बंगाली महिला त्याच्यासोबत उडाल्या. दोनच महिन्यांनी, १८ फेब्रुवारी १९११ रोजी, अलाहाबादच्या प्रदर्शनातून आँरी पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे यमुनेपलीकडे नैनीला नेली. अंतर जेमतेम दहा किलोमीटर. विमानाने अधिकृत टपाल नेण्याचा जगातील हा पहिला प्रसंग मानतात. ते विमानही दुपंखीच होते.

खरी लाट आली ती पहिले महायुद्ध संपल्यावर. लढाईसाठी बांधलेली हजारो विमाने मोडीच्या भावात निघाली आणि ती चालविणारे तरुण बेकार झाले. त्यांनी ती विमाने विकत घेतली आणि गावोगाव हिंडू लागले. माळावर उतरायचे, दोन-चार कोलांट्या मारून गर्दी जमवायची आणि मग पैसे घेऊन एकेकाला दहा मिनिटे वर न्यायचे. अमेरिकेत कर्टिस कंपनीचे ‘जेनी’ आणि इंग्लंडात ‘ॲव्रो ५०४’ ही या फिरत्या धंद्याची लाडकी विमाने. सर ॲलन कॉबहॅम या वैमानिकाने १९३२ पासून तीन-चार वर्षे इंग्लंडभर अशी जत्राच चालविली. एका संपूर्ण पिढीने पहिले उड्डाण केले ते प्रवासासाठी नव्हे, तर गावाबाहेरच्या माळावर, हौसेखातर.

ही लाट हिंदुस्थानातही आली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा एक दक्षिण आफ्रिकी वैमानिक, न्यूऑल या आपल्या भागीदारासह, दोन ‘डीएच ९’ विमाने घेऊन येथे दाखल झाला. ही विमाने मुळात युद्धातील बॉम्बफेकी. इंजिन २३० अश्वशक्तीचे आणि कुरकुरण्याबद्दल बदनाम. लढाईच्या विमानात आता हौशी मंडळी बसू लागली. व्हिन्सेंटने देशात फिरून अशा फेऱ्या दिल्या. फिरता फिरता त्याने एक गोष्ट हेरली : हा देश अफाट आहे, आगगाडीला दिवसच्या दिवस लागतात आणि येथे अजून कोणी विमानाने टपाल नेत नाही.

जुहू

१९२८ साली मुंबईत जुहूच्या खाजणात विमानतळ सुरू झाला. देशातील नागरी विमानवाहतुकीचा हा पहिला तळ. मुंबई फ्लाइंग क्लबची विमाने तेथून उडू लागली. ही विमाने होती डी हॅविलंड कंपनीची ‘मॉथ’. मॉथ म्हणजे पतंग. १९२५ साली हे दुपंखी विमान प्रथम उडाले. दोन उघड्या बैठका, एकामागे एक. पंख दुमडता येत, त्यामुळे ते लहानशा छपराखाली मावे. याच क्लबातून जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी देशातील पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळविला. आजोबा जुहूला गेले ते बरोबर पुढच्या माघात. कोणाच्या आणि कोणत्या विमानात बसण्याचे पैसे त्यांनी भरले, हे वहीत नाही. पण त्या काळच्या जुहूवर उघड्या बैठकीचे दुपंखी विमानच त्यांच्या वाट्याला आले असणार.

मागील हिवाळ्यात मुंबईच्या कामातून एक सकाळ काढून मी जुहूला गेलो. मनाशी आजोबांचा प्रवास जोडत गेलो. हदगावहून नांदेडपर्यंत बैलगाडीने दोन दिवस. नांदेडहून गोदावरी खोऱ्याच्या मीटरगेज गाडीने मनमाड. तेथे गाडी बदलून बोरीबंदर. खिशात निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजी कलदार असे दोन्ही रुपये. कारण पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे राज्य आणि पलीकडे वऱ्हाडात इंग्रजी अंमल. शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, हा हिशेब आमच्या भागातील प्रत्येक व्यापाऱ्याला तोंडपाठ. त्या दराने विमानाची बैठक आजोबांना अकरा रुपये दहा आणे आठ पै हालीला पडली. त्या काळी ती रक्कम लहान नव्हे.

आजचे जुहू चहूबाजूंनी इमारतींनी वेढले आहे. हेलिकॉप्टरे समुद्रातील तेलविहिरींकडे ये-जा करतात. कुंपणाबाहेर रिक्षांची रांग. मी एका झाडाखाली उभा राहिलो आणि आत पाहत बसलो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी दुपारी दोनच्या सुमारास येथे एक लहानसे विमान उतरले होते. सकाळी कराचीहून निघून, अहमदाबादला पेट्रोल घेऊन, पंचवीस किलो टपालासह जे. आर. डी. टाटा ते स्वतः चालवीत आले होते. अहमदाबादला पेट्रोलचे डबे विमानापर्यंत बैलगाडीने आणले गेले होते. जुहूहून पुढे बल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेणारा वैमानिक होता तोच नेव्हिल व्हिन्सेंट, काही वर्षांपूर्वी हौशी लोकांना दहा-दहा मिनिटे वर नेणारा. विमानसेवेची योजना त्यानेच टाटांपुढे मांडली होती आणि सर दोराबजी टाटांनी दोन लाख रुपये मंजूर केले होते. हे टपालाचे ‘पस मॉथ’ विमान मात्र एका पंखाचे आणि बंद बैठकीचे. पहिल्या पूर्ण वर्षात, १९३३ मध्ये, या सेवेने १ लाख ६० हजार मैल उड्डाण केले आणि १५५ प्रवासी नेले. पावसाळ्यात जुहूची जमीन चिखल होई, म्हणून चार महिने कारभार पुण्याला हलवावा लागे. आज ज्याला आपण एअर इंडिया म्हणतो, तिचे मूळ इतके लहान होते.

कुंपणापाशी उभे असताना माझ्या मनात एक शब्द आला : वानगी. आपण रुईचा सौदा करतो तेव्हा गासडी फोडून मूठभर रुई बाहेर काढतो, धागा ओढून लांबी पाहतो, आणि त्या मुठीवर शेकडो गासड्यांचा व्यवहार ठरतो. हौसेची दहा मिनिटांची फेरी म्हणजे विमानप्रवासाची वानगी होती. व्हिन्सेंटसारख्यांनी ती गावोगाव दाखविली. ज्यांनी ती घेतली, त्यांच्यापैकी बहुतेकांना पुढे कोठेही विमानाने जायचे नव्हते. पण ते खाली उतरून घरी गेले आणि म्हणाले, “बसलो होतो, काही झालं नाही.” कोणत्याही नव्या धंद्याची पत अशाच वाक्यांनी बांधली जाते. टपालाचे पाकीट विमानाच्या स्वाधीन करण्याइतका विश्वास लोकांत उतरला, त्यात या दहा मिनिटांचा वाटा मोठा आहे.

हा विश्वास आपल्या समाजातही पोहोचला. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. देशातील विमाने बांधण्याचा हा पहिला कारखाना. पुढच्याच वर्षी तेथे जुळणी झालेले पहिले विमान उडाले आणि १९४२ मध्ये युद्धामुळे सरकारने कारखान्याचा ताबा घेतला. वालचंदजी गादीवर वाढलेले, कापूस-सावकारीच्या घरातून आलेले. त्यांनी वानगी पाहून सौदा केला. आमच्या आजोबांनी वानगीचे पैसे भरले आणि मूठ न उघडताच परत केली.

तो माघ महिना कोणता होता, हेही मी नंतर ताडून पाहिले. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला होता आणि त्या हिवाळ्यात जगभर कापसाचे भाव घसरू लागले होते. वहीतही पुढच्या पानांवर नुकसानीच्या नोंदी एकीखाली एक आहेत. कदाचित जुहूच्या रांगेत उभे असताना त्यांना कॉटन ग्रीनवर सकाळी ऐकलेला भाव आठवला असेल. कदाचित घरी चार लेकरे आठवली असतील. कदाचित ते नुसतेच घाबरले असतील. यांपैकी कोणतेही कारण मला आता परके वाटत नाही. पण एवढे नक्की, की सत्तावीस वर्षांनी मुलाचे पत्र हातात पडले, तेव्हा ती रांग त्यांना आठवली असणार. “विमानाला नको” लिहिताना हात क्षणभर थांबला असेल का, हे पोस्टकार्डावरून कळत नाही.

बसलो

आमची मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये लेस्टर येथे असतात. तेथील जैन मंदिराची ख्याती वाचकांना ठाऊक असेल. १९८८ मध्ये त्याची प्रतिष्ठा झाली. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तिकडे गेलो. मी मुलीला वहीची हकीकत सांगितली होती. एके दिवशी ती म्हणाली, “बाबा, तसलं विमान इथं अजून उडतं. बसता येतं.” केंब्रिजजवळ डक्सफर्ड येथे जुना लष्करी विमानतळ आहे. आता तेथे युद्धसंग्रहालय असून जुनी विमाने सांभाळली जातात. त्यांपैकी ‘ड्रॅगन रॅपिड’ नावाच्या दुपंखी विमानातून लोकांना फेरी मारून आणतात.

रॅपिड हे डी हॅविलंड कंपनीचेच. पहिले उड्डाण १९३४. प्लायवूडचा सांगाडा, त्यावर कापड, दोन इंजिने, आठ माणसांची सोय. सातशेहून अधिक रॅपिड बांधली गेली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस टाटांच्या ताफ्यातही रॅपिड होती. आम्ही पाहिलेले विमान दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेले, म्हणजे अण्णांहून थोडेच लहान. जावई तिकिटाचे पैसे भरू लागले. मी त्यांना थांबविले. “हे पैसे माझ्याच खिशातून जायला पाहिजेत,” म्हणालो. ते बिचारे गोंधळले. मुलीने त्यांना बाजूला नेऊन समजाविले.

विमान शेपटीवर टेकून, नाक वर करून उभे असते. त्यामुळे मागच्या दाराने आत शिरलो की पुढे जाताना चढण चढावी लागते. एकेका माणसाची बैठक दोन्ही बाजूंना, मधून अरुंद वाट. अगदी पुढे, टोकाला, वैमानिक एकटा. खिडक्या मोठ्या. खिडकीबाहेर खालचा पंख, वरचा पंख आणि मध्ये त्या तारा. कापडाच्या शिवणी दिसत होत्या. दार लावण्यापूर्वी मी पायरीवर उभा असताना पंखाच्या कापडावर हळूच बोट टेकविले. ताठ, किंचित खडबडीत, उन्हाने ऊब आलेले.

इंजिने सुरू झाली तेव्हा सगळे विमान थरथरले. गवतावरून धावू लागले. वेग फार वाटला नाही. आपल्या जीपगाडीइतका असेल. मग शेपूट उचलली, थरथर थांबली, आणि जमीन कधी सुटली ते कळलेच नाही. मी आजवर पुष्कळदा विमानात बसलो आहे. त्यात आपण कोठून तरी कोठे तरी जातो, उडत नाही. येथे शेते, कुंपणे, गाईंचे ठिपके, एका अंगणात वाळत घातलेले कपडे असे सगळे दिसत होते. वारा बदलला की विमान अंग हलवून ते सांगत होते. तारा वाऱ्यात गुणगुणत होत्या. पुढच्या बैठकीवर एक वयस्कर इंग्रज बाई डोळे पुशीत होत्या. कारण मी विचारले नाही. त्यांच्याही घरी एखादी वही असेल.

खाली उतरल्यावर मी घरी फोन लावला. हदगावात संध्याकाळ झाली होती. अण्णांना ऐकू कमी येते, म्हणून पुतण्याने फोन त्यांच्या कानाला लावला.

“जय जिनेंद्र अण्णा. दोन पंखांच्या विमानात बसलो.”

“बसलास?”

“बसलो.”

थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग त्यांनी विचारले, “वर गेल्यावर तारांचा आवाज येतो का रे? बेगमपेठला खालून ऐकू यायचा.”

“येतो अण्णा. गुणगुणल्यासारखा.”

“हां.” पुन्हा शांतता. मग त्यांच्यातला व्यापारी जागा झाला. “पैसे कुणी दिले?”

“मी दिले.”

“लिहिलेस?”

“अजून नाही.”

“तुझ्या नावे लिहू नकोस. आजोबांच्या नावे टाक,” ते म्हणाले. “त्यांचे दहा रुपये अजून जमाच आहेत.”

परत आल्यावर मी तसेच लिहिले. २०१२ च्या वायुसेना दिनी नव्याने दुरुस्त केलेले एक टायगर मॉथ हिंडनवरून उडाले होते आणि अण्णांनी ते दूरदर्शनवर न बोलता पाहिले होते, हे मला नंतर आठवले. नांदेडचा विमानतळ गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या वेळी, २००८ मध्ये, नव्याने सजला. मध्यंतरी बंद पडलेली सेवा २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि हैदराबादलाही विमान जाऊ लागले. बैलगाडीने नांदेड गाठायला आजोबांना जितका वेळ लागे, तितक्यात आता जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन येता येते. मी अण्णांना हैदराबादपर्यंत एकदा चला म्हणतो. बेगमपेठचा जुना तळ लांबून तरी दाखवितो म्हणतो.

ते अजून हो म्हणालेले नाहीत. पण परवा त्यांनी तिकिटाचा दर विचारला. आमच्या घरात दर विचारणे म्हणजे वानगी हातात घेणे. सौदा होईल, असे वाटते.